गिंको, रक्त पातळ करणारी गोळी आणि पानं-बियांचा घोळ

वर कोणीतरी लिहिलंय की गिंको नावाचं झाड चीनमध्ये हजारो वर्षं स्मरणशक्तीसाठी वापरतात म्हणून सेफ आहे, ते मला पटत नाही. चिनी वैद्यकात मुख्यतः वापरतात ती बी, तीही खोकला-दम्यासाठी. आपण मेडिकलमधून आणतो तो पानांचा अर्क, आणि तो १९६०च्या दशकात जर्मनीत पुढे आला, म्हणजे परंपरेचा दाखला या गोळीला लागूच होत नाही. बियाही निरुपद्रवी नाहीत हां, त्यातलं एक द्रव्य बी६ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं, जास्त खाल्ल्या तर फिट येऊ शकते, लहान मुलांना तर जपाच.

आणि विसरभोळेपणाचं म्हणाल तर अमेरिकेत ७५ च्या पुढच्या ३०६९ लोकांना रोज दोनदा १२० मिग्रॅ अर्क किंवा नुसती खोटी गोळी देऊन काही वर्षं पाहिलं, २००८ ला निकाल आला, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टळण्यात काहीच फरक नाही. माझ्या काकांना हार्टसाठी अ‍ॅस्पिरिन चालू आहे, त्यांना कोणी गिंको सुचवलं तेव्हा डॉक्टरांनी सरळ नको म्हटलं, कारण दोन्ही मिळून रक्तस्राव वाढायची भीती असते. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हातच लावू नका, आणि ऑपरेशन ठरलं असेल तर घेताय हे आधीच सांगा.