चमचा की काटा?

‘पालक फॉर्मवर समाधानी लिहितात, म्हणजे थेरपी पटली’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. माझ्या मुलाच्या थेरपीच्या फॉर्मवर मीही तीन महिने सगळीकडे पाचपैकी पाचावर खूण केली. फॉर्म हातात देणारी थेरपिस्ट ताई तीच, जी माझ्या मुलाला जीव लावते. तिच्यासमोर बसून दोन कोण देणार? वर्तन-विश्लेषणात, म्हणजे वागणं अभ्यासून नवी कौशल्यं शिकवण्याच्या शास्त्रात, संशोधक मॉन्ट्रोज वुल्फ यांनी 1978 मध्येच तीन वेगळे प्रश्न मांडलेत: उद्दिष्ट ज्यांच्यासाठी आहे त्या माणसांना ते हवंय का, पद्धत मान्य आहे का, आणि परिणामावर ती खूश आहेत का. आमच्या फॉर्मवर फक्त तिसरा होता.

पहिला विचारला असता तर माझ्या सासूबाईंनी लगेच सांगितलं असतं. मुलाचं उद्दिष्ट होतं चमच्याने जेवणं. आम्ही मालवणकडचे, घरी सगळे हाताने जेवतात, आणि धास्ती एकच, बांगड्याचा काटा घशात अडकेल. ताई घरी आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “चमचो कित्याक होयो? तेका काटो काढूक शिकव गो.” ताईने खरंच उद्दिष्ट बदललं. शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली: मधला काटा ती सैल करून ठेवायची, त्याने फक्त उचलायचा. मग एकेक पायरी मागे. तो बोलत नाही, पण ताट सरकवलं की ती थांबायची आणि तेही वहीत लिहायची. तोही त्याचा अभिप्रायच ना! आता तो बारीक काटेसुद्धा बोटांनी चाचपून ताटाच्या कडेला ओळीत लावतो.