शब्दचर्चा : पौगंडावस्था, यौवनारंभ की सरळ 'वयात येणे'?

खडूफळा : सातवीच्या मुलामुलींसाठी शरीरातल्या बदलांवर छोटी पुस्तिका करतेय. शीर्षकाशीच अडलंय. पौगंडावस्था, किशोरावस्था, यौवनारंभ यांत नेमका फरक काय? आणि घरात बोलले जाणारे शब्द घ्यावेत का?

बोरूबहाद्दर : यौवनारंभ ही शरीरातली घडामोड, पौगंडावस्था हा सगळा काळ. मेंदूकडून पीयूषिका ग्रंथीला इशारा जातो, संप्रेरकं वाढतात आणि शरीर बदलायला लागतं, तो यौवनारंभ. मुलींमध्ये साधारण ८ ते १३, मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वयात त्याची सुरुवात होते. पौगंडावस्था लांबलचक, जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षं धरते.

आता गंमत बघा. भागवतावर भाष्य लिहिणाऱ्या जुन्या टीकाकारांची वयविभागणी अशी : कौमार पाचव्या वर्षापर्यंत, पौगंड दहाव्यापर्यंत, कैशोर पंधराव्यापर्यंत. म्हणजे तिथलं पौगंड संपतं तिथून आपली पौगंडावस्था सुरू! हिशेबाने किशोरावस्थाच बरी, पण मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत पौगंड रुळलाय. आता तो उपटून काय मिळणार?

मावळतीकर : सातवीतल्या पोराला पौगंडावस्था हा एखादा आजार वाटेल. 'वयात येणे' लिहा. मुलगा-मुलगी दोघांना चालतं, हाच त्याचा गुण. बाकीचे शब्द बघा ना. मुलग्याला मिसरूड फुटतं, कंठ फुटतो, उलट बोलला की शिंगंही फुटतात. मुलीला न्हाण येतं, पदर येतो, ती 'शहाणी होते'. त्याच्याबद्दलचे शब्द दिसलं-ऐकलं ते सांगतात. तिच्याबद्दलचे, घराने आता तिचं काय करायचं ते.

खडूफळा : कंठ फुटणे म्हणजे आवाज घोगरा होणे ना?

मावळतीकर : हो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. ते बस्तान बसेपर्यंत आवाज कधी चिरकतो, कधी घोगरा लागतो. गळ्याची घाटीही पुढे येते. पोपटाच्या गळ्याभोवती कडं उमटतं त्यालाही कंठ फुटणेच म्हणतात, आणि ते नरालाच उमटतं, तेही मोठा झाल्यावर. ज्याने कुणी हा शब्द मुलग्यांना लावला त्याचं पक्ष्यांकडे लक्ष होतं!

आजोळ : न्हाणाबद्दल थोडं. बालविवाहाच्या काळात पहिली पाळी आली की मुलीला मखरात बसवायचे, चौथ्या दिवशी न्हाऊ घालायचे आणि पुढे गर्भाधानाचा विधी, म्हणजे नवरा-बायकोच्या शरीरसंबंधाची सुरुवात. त्यामुळे ही बातमी गावभर होई, गाणी म्हटली जात. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावरून रण माजलं ते याच गर्भाधानापायी. त्या कायद्याने मुलीचं शरीरसंबंधाला संमतीचं वय १० वरून १२ केलं, तेवढंही लोकांना सोसेना. न्हाण शब्द कानाला कितीही गोड लागो, त्याच्यामागे दहा-बारा वर्षांची बायको उभी आहे. पुस्तिकेत नको. 'पाळी' पुरे. 'कावळा शिवला', 'बाहेरची झाली' तर मुळीच नको. ती विटाळाची भाषा.

खडूफळा : पटलं. पण मनातल्या बदलांसाठी काय वापरू? 'भावनिक आंदोलने' लिहून खोडलं.

बोरूबहाद्दर : खोडलंत ते बरं झालं. अडनिडं वय, हूड, अल्लड हे सगळे बघणाऱ्यांचे शब्द, म्हणजे मोठ्यांचे. त्या पोराला आतून काय होतं ते सांगणारे दोन मला आवडतात. एक 'हुरहूर'. कशाची ते कळत नाही, पण लागून राहते. दुसरा 'कानकोंडं होणं'. पाहुण्यांसमोर मावशी म्हणते "अगं, केवढी वाढलीस!" तेव्हा जे होतं ते. चिडचिड, रुसणं, आरशापुढून न हलणं हे तर साधेच शब्द, तसेच लिहा. व्याख्या नकोत, प्रसंग द्या.

आजोळ : ताई, अजून एक. 'स्वप्नदोष' लिहू नका, फार जीव तोडून सांगतो. या वयात झोपेत वीर्य बाहेर येणं नैसर्गिक आहे, त्यात दोष कसला? भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्या 'गुप्तरोगतज्ज्ञां'ची दुकानं त्या एका शब्दावर चालली. 'झोपेत वीर्य बाहेर येणे' असं सरळ लिहा, शिक्षकांना वाचताना अडखळायला झालं तरी चालेल.

मावळतीकर : आणि तारुण्यपिटिकाही काढा. पोरं पिंपल्सच म्हणतात, फार तर मुरूम.