'डेलिगेट'ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

अराज्यवादी साम्यवाद्यांनी प्रत्यक्षात संघटना बांधायची कशी, यावरचे काही जुने-नवे लेख मराठीत आणते आहे. ('अराजकतावादी' लिहिलं की वाचणारा पहिल्याच ओळीत जाळपोळ शोधायला लागतो. ग्रीक मुळात अर्थ 'राज्यकर्ता नसणं' एवढाच, आणि १८४० साली फ्रेंच विचारवंत प्रुदाँने हे नाव स्वतःहून मिरवलं ते त्याच अर्थाने. म्हणून 'अराज्यवादी'. त्यावर पुन्हा कधीतरी भांडू.)

गाडी अडली आहे 'डेलिगेट'पाशी. पद्धत अशी: कारखान्यातली किंवा वस्तीतली माणसं सभा घेऊन ठराव करतात. तो घेऊन एकजण अशा सभांच्या संघाच्या बैठकीला जातो. तिथे आपल्या मनाने तडजोड करायची नाही. नवा मुद्दा निघाला तर परत येऊन विचारायचं. सभेला वाटलं तर ती त्याला मधूनच परत बोलावते. मी 'प्रतिनिधी' लिहिलं, तर मजकूर तपासणाऱ्या मित्राने समासात विचारलं, 'म्हणजे आमदारासारखा का?' नेमका उलटा! दुसरा शब्द सुचतो का?

प्रतिसाद

निरोप्या. एवढा सोपा शब्द असताना अडायचं कशाला?

प्रतिसाद

निरोप्याला उलट प्रश्न विचारला की तो गप्प होतो. डेलिगेट तसा नसतो. तो आपल्या सभेची कारणं मांडतो, दुसऱ्यांची ऐकतो, ती घेऊन परत येतो. मला जुन्या मराठीतला 'वकील' आठवतो. पेशवाईतला वकील परक्या दरबारात राहून धन्याचं म्हणणं मांडायचा आणि तिथली खबर पत्राने कळवायचा. पुढे कोर्टाने हा शब्द पळवला तो पळवलाच. गंमत म्हणजे त्याच काळात 'वकील-इ-मुतलक' ही पदवीही होती, म्हणजे सगळे अधिकार हाती असलेला. एकाच शब्दाची दोन टोकं. 'मुखत्यार' मात्र चुकूनही वापरू नका. मुखत्यारपत्र दिलं की पुढच्या सह्या तोच करतो.

प्रतिसाद

शब्दाने काय फरक पडतो म्हणणाऱ्यांसाठी एक अनुभव. एका कर्मचारी संघटनेत आमची वीसेक जणांची शाखा होती. सभेत ठरलं: पाळ्यांचं नवं वेळापत्रक रद्द होईपर्यंत सही नाही. आमचा माणूस वरच्या बैठकीला गेला आणि सही करून आला. विचारलं तर म्हणाला, 'तिथली परिस्थिती वेगळी होती, मला निर्णय घ्यावा लागला.' त्याची लबाडी नव्हती. आम्हीच त्याला 'प्रतिनिधी' म्हणून पाठवलं होतं आणि प्रतिनिधीने आपली अक्कल वापरायची, असंच तो समजत होता. पुढच्या खेपेला कागदावर तीन ओळी लिहून दिल्या: काय मान्य करायचं, काय नाही, आणि कशावर 'विचारून सांगतो' म्हणायचं. तिसरी ओळ सगळ्यात उपयोगी पडली. माणूस तोच होता.

मूळ प्रश्नकर्ती

ही तिसरी ओळ मी लेखाच्या टिपेत घालू का?

'मँडेट'चंही तेच दुखणं आहे. १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहरातल्या लोकांनी बंड करून चालवलेल्या कारभाराच्या, काळात बंधनकारक मँडेटची मागणी जोरात होती: निवडून दिलेल्याने मतदारांनी सांगितलं तेच करायचं, नाहीतर परत यायचं. मराठीत तयार शब्द 'जनादेश', पण तो आपण कधी ऐकतो? निकाल लागल्यावर, जिंकलेल्याच्या तोंडून! 'जनतेने जनादेश दिला आहे' याचा चालू अर्थ 'आता पाच वर्षं विचारू नका'. व्युत्पत्तीने अचूक, वापराने पार उलटा.

प्रतिसाद

कारण आपले राजकारणाचे शब्द संसदेच्या टाकसाळीत पडले. 'सामूहिक जबाबदारी' घ्या. १९२६ साली पॅरिसमध्ये माख्नो, अर्शिनोव, इदा मेत वगैरे रशियातून आलेल्या अराज्यवादी निर्वासितांनी 'प्लॅटफॉर्म' नावाचा संघटनेचा मसुदा काढला. रशियातल्या क्रांतीत आपण हरलो याचं एक मोठं कारण विस्कळीतपणा, असं त्यांचं निदान. त्यावर त्यांनी चार गोष्टी मागितल्या: विचारांची एकवाक्यता, डावपेचांची एकवाक्यता, सामूहिक जबाबदारी आणि संघराज्य पद्धत. त्यातल्या तिसरीचा अर्थ: सभासदाच्या कामाला संघटना जबाबदार, आणि संघटनेच्या कामाला प्रत्येक सभासद. मराठी वाचक मात्र 'मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी' ऐकतो, म्हणजे आत काहीही वाटो, बाहेर एकच सूर. मालातेस्ता या इटालियन अराज्यवाद्याने १९२७ मध्ये नेमक्या याच कलमावर बोट ठेवलं. त्यात त्याला हुकूमशाहीचा वास आला. तेव्हा आपल्या भाषांतरातली अडचण ही मुळातल्या वादाचीच अडचण आहे. मी 'एकमेकांची जबाबदारी' म्हणेन.

(आणि 'प्लॅटफॉर्म'ला 'फलाट' करू नका. 'फलाटवादी' वाचून मी पाच मिनिटं हसत होतो.)

प्रतिसाद

चौथ्या कलमात 'संघराज्य' नको. अराज्यवाद्यांच्या तोंडी 'राज्य'! 'संघपद्धती' म्हणा.

प्रतिसाद

'निरोप्या'वाल्यांनी स्पेनकडेही बघावं. तिथल्या यादवी युद्धात, १९३६ मध्ये, दुरुती या अराज्यवादी नेत्याच्या तुकडीत शंभर जणांची सेंतुरिया असे आणि तिचा निवडलेला म्होरक्या 'देलेगादो' म्हणवला जाई. खुद्द दुरुतीही देलेगादोच. गोळीबार चालू असताना हा माणूस परत जाऊन विचारत नव्हता, हुकूम देत होता. फक्त नेमणूक खालून झालेली. म्हणजे मूळ शब्दही एकाच कामाला बांधलेला नाही. आणि शब्द बदलून काम बदलत नाही याचा धडाही तिथलाच. सप्टेंबर १९३६ मध्ये सीएनटी या कामगार महासंघाचा आग्रह होता की सरकारऐवजी 'राष्ट्रीय संरक्षण मंडळ' असावं. नोव्हेंबरमध्ये त्यांचेच चारजण सरळ मंत्री झाले, सरकार 'सरकार'च राहिलं.

मूळ प्रश्नकर्ती

हे पटलं. मग एकच शब्द सगळीकडे दामटायचा नाही. तुकडीसाठी 'निवडलेला म्होरक्या', सभेसाठी 'ठरावबद्ध प्रतिनिधी'. 'वचनबद्ध', 'कटिबद्ध' कानाला सवयीचे आहेत, त्यांच्या शेजारी 'ठरावबद्ध' खपून जाईल.

अजून एक अडचण. दक्षिण अमेरिकेत, १९५६ साली स्थापन झालेल्या उरुग्वेच्या अराज्यवादी महासंघाच्या परंपरेत, दुहेरी रचना सांगतात: विचारांची एकवाक्यता असलेली छोटी संघटना वेगळी, आणि तिच्या सभासदांनी कामगार संघटनांत, वस्त्यांच्या लढ्यांत इतरांच्या बरोबरीने काम करायचं. ताबा घ्यायचा नाही, पदं बळकवायची नाहीत. या दुसऱ्या भागाला ते 'इन्सेर्सिओन सोसिआल' म्हणतात. कोशात बघून मी 'सामाजिक शिरकाव' केलं.

प्रतिसाद

अरे देवा! शिरकाव रोगाचा होतो, नाहीतर चोराचा. ते जे करायचं नाही म्हणतात, तेच तुम्ही नावात घातलंत.

प्रतिसाद

'सहभाग' फार पुचाट. 'समाजात मुरणं'? लोणच्यासारखं वाटेल, पण वेळ लागतो हे त्यात आहे.

प्रतिसाद

मुरलेला माणूस मराठीत बेरकीही असतो! 'रुजणं' घ्या. रुजायला जमीन दुसऱ्याची लागते, आणि ती आपल्या मालकीची होत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

'रुजणं' घेतलं. आता वाक्य असं झालंय: 'सभासदांनी लढ्यांत रुजावं, तिथल्या सभेने निवडलं तर ठरावबद्ध प्रतिनिधी म्हणून जावं, आणि बोलावलं की परत यावं.'

प्रतिसाद

'बोलावलं की परत यावं' म्हणजे जेवायला हाक मारल्यासारखं. 'सभेने माघारी बोलावलं की पद सोडावं' असं करा.

मूळ प्रश्नकर्ती

केलं.