सोळाचे वीस करावेत का? खाली गेलेल्या संघाच्या किटवाल्याचा प्रश्न

किटवाला

राम राम मंडळी. कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचं किट मी सांभाळतो. म्हणजे जर्सी धुवायला टाकायच्या, बर्फ आणायचा, स्टड आवळायचा पाना खिशात ठेवायचा आणि पोरं हरली की लोकांच्या शिव्या खायच्या. एकोणीस वर्षं हेच चाललंय. तालमीचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनी कृपा करून गप्प बसावं.

या हंगामात आम्ही खालच्या गटात गेलो. शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरत होती. ८३व्या मिनिटाला कॉर्नर आला. आमच्या गोलकीपरनं उडी मारून बॉल दोन्ही हातांत घेतला, स्टँडातनं टाळ्याही पडल्या, आणि खाली येताना तो हातातनं सुटला. समोरच्या पोरानं नुसता पाय लावला. मी बाकाशेजारी बर्फाची पिशवी घेऊन उभा होतो. घरी पोचलो तेव्हा बायको म्हणाली, हे काय धरलंय हातात? पिशवीत नुसतं पाणी होतं.

पुढचं सांगायला नको. नोंदणीच्या दिवसांची वाट बघत पाच पोरं एकेक करून येऊन गेली. "दादा, राग मानू नका, पण मला वरच्याच गटात खेळायचंय." राग कुणावर मानायचा? चोविसाव्या वर्षी तो दोन हंगाम खाली काढणार आणि मग पुढं काय करणार? बुटांचे पैसे देणारे शेठ फोनवर "बघू की" म्हणाले. कोल्हापुरात "बघू की"चा अर्थ सगळ्यांना कळतो.

आता आमच्या कट्ट्यावर टूम निघाली आहे, की केएसएला, म्हणजे लीग चालवणाऱ्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला, एक पत्र द्यायचं. वरिष्ठ गटात १६ संघ आहेत, ते २० करा आणि तीन वर्षं कुणाला खाली पाठवू नका. सह्या गोळा व्हायलेत. पत्र माझ्याकडंही आलं आहे, अजून सही केली नाही. मनातनं वाटतं करावी. पण मन आपल्याच तालमीचं, त्याचा काय भरवसा?

ज्यांनी बाहेरचं फुटबॉल बघितलंय त्यांनी सांगा, संघ वाढवणं बरं की खाली-वर चालू ठेवणं बरं? दया म्हणून "होय" म्हणू नका.

जुना गोलकीपर

किटवाले, पहिलं एक सांगा, वीस संघ खेळवणार कुठं? तुमच्या माडीवर?

शाहू स्टेडियम एकच आहे. दुपारी दोनला एक सामना, चारला दुसरा, दिवस संपला. आता गणित करा. १६ संघ एकमेकांशी एकदा खेळले तर १२० सामने, म्हणजे ६० दिवस. २० संघ केले की १९० सामने, ९५ दिवस. हे झालं लीगचं. त्यावर चार-पाच चषक, नॉकआऊटचे. १६ संघांचा एक चषक १५ सामन्यांचा, २० संघांचा १९ चा. डिसेंबरच्या आसपास सुरू करून मृगाच्या आत सगळं गुंडाळायचं असतं. मधे परीक्षा, निवडणुका, मैदानाला विश्रांती. बसवा बघू.

म्हणून मग लोक म्हणतात, गट पाडा. आठ-आठचे दोन केले तर २८ आणि २८, एकूण ५६ सामने, २८ दिवसांत लीग संपते. दहा-दहाचे केले तर ९० सामने. हे बसेल. पण मग तुम्ही 'वरच्या' गटात आहात म्हणजे नक्की कुठं आहात? पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या नावाजलेल्या संघांशी लीगमध्ये गाठच पडणार नसेल तर तो वरचा गट नावापुरता.

आणि मैदानाचं दुखणं तुम्हाला दिसत नाही, ते आम्हा गोलकीपरांना कळतं. बाकीच्या ठिकाणी गवत असतं. गोलपोस्टासमोरच्या सहा यार्डांत एप्रिल सुरू झाला की नुसती कडक जमीन. माझ्या दोन्ही कोपरांवर अजून काळे डाग आहेत, बावीस वर्षं झाली. आणखी सत्तर सामने त्याच तुकड्यावर खेळवणार? कुणाच्या कोपरांवर?

कलकत्त्याहून

बँकेच्या बदलीमुळं सहा वर्षं इथं आहे, मूळचा साताऱ्याचा. इथं 'मैदान' नावाचं मोठं मोकळं पटांगण आहे, त्याच्याजवळच ऑफिस, त्यामुळं ट्रामच्या वेळा कमी आणि सामन्यांच्या जास्त पाठ आहेत.

इथली लीग १८९८ पासूनची. २०२३ ला त्यांनी नेमकं तुमच्या कट्ट्यावरचं केलं. प्रीमियरचे अ आणि ब असे दोन गट एकत्र करून २६ संघांचा एकच मोठा विभाग केला, त्यात तेरा-तेराचे दोन गट. नुसत्या पहिल्या फेरीचे १५६ सामने होतात. त्यांना ते झेपतं, कारण त्या 'मैदाना'वर क्लबांची स्वतःची मैदानं आहेत, शिवाय नैहाटी, बारासात, कल्याणी. तरीही जुलैच्या चिखलात मी असे सामने बघितलेत की शेवटी दोन्ही संघांचा रंग एकच. प्रेक्षक तीस, त्यातले दहा चहावाले. ईस्ट बंगाल किंवा मोहन बागान असलं की गर्दी, नाहीतर शुकशुकाट. संघ वाढवले म्हणून बघणारे वाढत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता खाली जाण्याबद्दल. ईस्ट बंगाल, म्हणजे आज ज्याच्यासाठी माणसं ऑफिसातनं पळतात तो क्लब, १९२८ ला दुसऱ्या विभागात गेला होता. १९३१ ला तिथनं वर यायचा हक्क मिळवला आणि १९३२ ला पहिल्या विभागात दुसरा आला. त्याच्याही आधी गंमत अशी होती, की पहिल्या विभागात हिंदी, म्हणजे भारतीय, संघ दोनच, असा नियम. ईस्ट बंगाल १९२५ ला वर आला तो हा नियम मोडूनच. मोहम्मेडन स्पोर्टिंग तर खालनं वर आला आणि १९३४ ला पहिल्याच फटक्यात लीग जिंकला, पुढं १९३८ पर्यंत ओळीनं पाच वेळा. दार बंद ठेवलं असतं तर हे सगळं दाराबाहेरच राहिलं असतं.

ताजं उदाहरण डायमंड हार्बरचं. २०२२ ला काढलेला क्लब, आय-लीग ही देशभराची लीग, तिच्या खालच्या पायऱ्या म्हणजे आय-लीग ३ जिंकली, आय-लीग २ जिंकली, २०२५ ला ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात. तिथं नॉर्थईस्ट युनायटेड क्लबकडनं सहा गोल खाल्ले ते सोडा. त्यांच्यामागं ताकद मोठी आहे हे खरं, पण पायऱ्या त्यांनाही एकेक करूनच चढाव्या लागल्या.

मंगळवारकर

आमच्या पेठेत याला सोपं नाव आहे. नापास झाल्यावर वर्ग वाढवा म्हणणं.

किटवाला

मंगळवारकर, तुमचं खरं आहे. पण नापास झालेल्यानं प्रश्न विचारू नये असं कुठं लिहिलंय? पास झालेला कशाला विचारेल.

कूपरेजचा स्टँड

मी मुंबईचा, आणि माझं मत इथल्या सगळ्यांच्या उलट आहे.

मुंबई एफसी हा क्लब आठवतो का कुणाला? २००७ ला सुरू झाला. कूपरेज स्टेडियमला आम्ही दीड-दोनशे जण ठरलेल्या जागेवर बसायचो, एक काका दर सामन्याला घरनं पोहे आणायचे. आयएसएलचं, म्हणजे इंडियन सुपर लीगचं, झगमगाटी प्रकरण सुरू झालं तरी आम्ही तिथंच. २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये संघ तळाला गेला, खालच्या विभागात ढकलला गेला आणि मालकांनी क्लबच बंद केला. खेळाडू, मुलांचे संघ, काकांचे पोहे, सगळं एका उन्हाळ्यात संपलं. तुमचा गोलकीपर निदान पुढच्या वर्षी कुठंतरी उभा राहील. आमच्याकडं उभं राहायला जागाच उरली नाही.

आणि त्याच हंगामाची दुसरी बाजू ऐका. खालिद जमील हा आमचा कोच, कितीतरी हंगाम मुंबई एफसीला वाचवत आला होता. त्याला २०१६ ला सोडलं. तो गेला मिझोरामच्या आयझॉलला. आयझॉल आधीच्या हंगामात आय-लीगमधनं खाली गेलेला संघ! गोव्याचे क्लब बाहेर पडल्यावर भारतीय फुटबॉल महासंघानं त्याला परत आत घेतलं, आणि मोहन बागानला एका गुणानं मागं टाकून त्यानं लीग जिंकली. म्हणजे ज्याच्यावर मेहरबानी केली तो चॅम्पियन, आणि ज्याला नियमानं ढकललं तो मेला. खालिद आज भारताचा कोच आहे. आता सांगा, नियम कडक ठेवून नक्की कुणाचं भलं झालं?

किटवाले, सही करा.

फोंडेकर

"गोव्याचे क्लब बाहेर पडले" हे एका ओळीत उरकू नका हो. साळगावकर, स्पोर्टिंग आणि मागून धेंपो, २०१६ ला हे बाहेर पडले ते कंटाळून नव्हे. वर आयएसएल बसवणार, तिथं खालून कोणी यायचं नाही, आय-लीग दुय्यम होणार, असा आराखडा समोर आला म्हणून. जिंकूनही वर जाता येणार नसेल तर खेळायचं कशाला? पुढं २०१९ ला शिडी लावायचं ठरलं, त्यावरून पंजाब एफसी चढला, मागून मोहम्मेडन. पण वरून खाली कोण उतरला? त्या दोन हंगामांत कोणीच नाही. शिडी एकाच बाजूने.

माझा सल्ला वेगळाच आहे. संघ १६ ठेवा, २० ठेवा, पण गुण कसे कापायचे, अपात्र खेळाडू उतरवला तर काय, हे पहिल्या सामन्याआधी कागदावर आणा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्या गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला आय-लीगचा चषक मिळाला. आम्ही फटाके वाजवले. जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने सांगितले की विजेता इंटर काशी. निकाल बरोबर की चूक ते वकिलांना ठाऊक. पण फटाके परत करता येत नाहीत. जिथं वर-खाली आहे तिथं एकेक गुण सोन्याचा, आणि सोने आले की भांडणे येणारच.

जुना गोलकीपर

कूपरेजवाल्या भावा, वाईट वाटलं वाचून. पण तुमच्या आणि आमच्यात एक मोठा फरक आहे. तुमचा क्लब कंपनीचा होता. मालकानं खातं बंद केलं, संपलं. इथं तालीम म्हणजे इमारत आहे, तिचा गणपती आहे, कुस्तीचा हौदा आहे, वर पत्ते कुटणारी म्हातारी मंडळी आहेत. फुटबॉल संघ खाली गेला म्हणून तालमीला कोण कुलूप लावतंय? हंगाम वाईट जाईल, पोरं जातील, शेठ फोन उचलणार नाहीत. पण संध्याकाळी दिवा लागतोच.

आणि फुलेवाडीसारखा पेठांबाहेरचा संघ वरच्या गटात खेळतो, ते कुणी निमंत्रण पाठवलं म्हणून नाही. आज आमचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला म्हणून आपण छाती फुगवतो. असली पोरं उपनगरांत, खालच्या गटांत पण असतील. तीन वर्षं वरचं दार लावून घेतलंत तर त्यांनी काय करायचं, तीन वर्षं म्हातारं व्हायचं?

किटवाला

सगळं दोनदा वाचलं. लाँड्रीच्या बिलामागं गणित पण केलं, १९० बरोबर आहे.

सही करणार नाही. कट्ट्यावर सांगून आलो, दोघांनी बोलायचं बंद केलंय, संकष्टीपर्यंत बोलतील. कूपरेजच्या दादांचं मनाला लागलं, पण गोलकीपर काकांचं खरं आहे, आम्ही मरत नाही.

त्याऐवजी मी दोन गोष्टी सुचवणार आहे. एक, सगळ्यात तळाचा संघ सरळ खाली, पण त्याच्या वरच्याचा खालच्या गटातल्या दुसऱ्या नंबराशी एक सामना लावायचा. तिकीट लावा, बघा गर्दी. एका सामन्यानं मैदान काही मरत नाही. दोन, खाली गेलेल्या संघातली वीस वर्षांखालची पोरं एक वर्ष तरी त्याच तालमीत राहावीत. मोठ्यांना अडवू नका, त्यांना घरं चालवायची असतात. पण आम्ही नववीत असल्यापासून ज्याला बूट घालून दिले तो पोरगा पहिल्याच उन्हाळ्यात गेला, की पुढच्याला बूट द्यायचा हात वर येत नाही. (हे दुसरं मान्य होणार नाही, मला माहीत आहे.) फोंडेकर, तुमचं कागदाचं पण घालतो तिसरं म्हणून.

आता जे पहिल्या दिवशी लिहायचं होतं ते लिहितो. त्या कॉर्नरला आमच्या पोराचे ग्लोव्हज गुळगुळीत झाले होते. तळव्याचा रबर उजव्या हाताला पार निघालेला, अंगठ्याजवळ शिवण उसवलेली. फेब्रुवारीतच त्यानं मला सांगितलं होतं. मी म्हणालो, लीग संपू दे, चषकाच्या आधी घेऊ, तोवर थुंकी लाव. त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. अजूनही सांगत नाही. चौकात लोक त्याला काय काय बोलतात, आणि तो नुसता ऐकून घेतो.

काल गांधी मैदानावर सकाळी सहाला बोलावलं होतं. सात पोरं आली. तो होता, तेच ग्लोव्हज घालून.

काका, कडक जमिनीवर टिकणारे ग्लोव्हज कुठले घ्यावेत? पैसे माझे आहेत, तालमीचे नाहीत.

जुना गोलकीपर

मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत मोजून सांग, सेंटिमीटरमध्ये. आणि दोन जोड घे. एक सरावाचा, एक सामन्याचा. सामन्याचा जोड सरावाला दिलास तर मीच येऊन शिव्या देईन.

किटवाला

साडेएकोणीस. डावा किंचित मोठा आहे म्हणतो.