शेजारच्या आजींनी पिशवीभर युझू दिलेत, घरी पोन्झू कसा करू?

शेवंती_वेणी

नमस्कार मंडळी,

जपानला येऊन दीड वर्ष झालं, योकोहामाजवळ राहते. शेजारच्या आजींच्या अंगणात युझूचं, म्हणजे इथल्या लिंबासारख्या सुवासिक फळाचं, झाड आहे. काल त्यांनी दारात पिशवी टेकवली आणि म्हणाल्या, "ओफुरो, पोन्झू." मला तेवढंच कळलं. म्हणजे काही आंघोळीच्या पाण्यात टाक, उरलेल्यांचा पोन्झू, म्हणजे तो आंबट-खारा सॉस, कर. मोजले तर चौदा निघाले. पिवळेधमक, साल खडबडीत, हातात घेतलं तरी बोटांना तासभर वास राहतो.

गेल्या वर्षी लिंबू आणि सोया सॉस ढवळून एक प्रयोग केला होता. तो पोन्झू नव्हता, आंबट सोया सॉस होता. शेवटी नूडल्सवर घालून संपवला. या वेळी फळ अस्सल आहे, ते वाया घालवायचं जिवावर येतंय. म्हणून विचारते:

प्रमाण काय घेऊ? नवरा शाकाहारी आहे आणि बघावी ती कृती माशाच्या त्या भुशापासून सुरू होते, तर त्याशिवाय जमतं का? एका व्हिडिओत सगळं एकत्र उकळलंय, दुसरा म्हणतो रस तापवलात तर मेलात. खरं कोणाचं? आणि टिकतो किती?

दगडी_खलबत्ता

शेवंती, दुसऱ्याचं खरं. रस तापवायचा नाही. युझूची सगळी मजा सालीतल्या तेलात, आणि ते उष्णतेने उडून जातं.

मी सात वर्षं कोचीला काढली, शिकोकू बेटावर. जपानात सगळ्यात जास्त युझू त्या प्रांतात पिकतो. तिथल्या डोंगरातलं उमाजी नावाचं छोटंसं गाव युझूच्या पोन्झूसाठी देशभर ओळखलं जातं. माझी घरमालकीण दर नोव्हेंबरात करायची, तिच्याकडून शिकलेलं सांगतो.

आधी रस. युझू आडवा काप, पण मधोमध नको, देठाकडून एक तृतीयांशावर. मग सालीची बाजू खाली करून पिळ. आपण लिंबू पिळतो त्याच्या बरोब्बर उलट. रस सालीवरून ओघळत खाली येतो आणि येताना तेल घेऊन येतो. खाली गाळणी हवीच, कारण युझूत रस कमी आणि बिया फार. एका फळातून पंधरा मिली निघाला तरी खूश व्हायचं. शेवटचा थेंब काढायला जाऊ नकोस, आतला पांढरा भाग चेंगरला की कडवटपणा उतरतो.

प्रमाण सोपं आहे: रस जेवढा, तेवढाच शोयू, म्हणजे जपानी सोया सॉस. १८० मिली रस निघाला असं धरू. मग शोयू १८० मिली, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची वाइन) ६० मिली, हाताच्या पंजाएवढा कोम्बूचा (सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा, आणि मासा चालत असेल तर कात्सुओबुशी, म्हणजे तू म्हणतेस तो माशाचा भुसा, १० ग्रॅम. ती हलकी असते, १० ग्रॅम म्हणजे दोन मोठ्या मुठी. रस कमी पडला तर थोडं तांदळाचं व्हिनेगर घाल, त्यात कमीपणा काही नाही.

मिरिनची बाटली आधी वाच. 'होन मिरिन' म्हणजे खरी असेल तर तिच्यात साधारण १४ टक्के मद्य असतं, ते उकळून घालवावं लागतं. लहान पातेल्यात दोन मिनिटं खळखळू दे. गॅसवर कधीकधी वाफ पेट घेते, घाबरू नकोस, पण डोकं पातेल्यावर घेऊन उभी राहू नकोस. बाटलीवर 'मिरिन फू' असेल तर त्यात मद्य नावालाच असतं, ती सरळ घातली तरी चालते, फक्त जरा गोडमिट्ट असते.

मिरिन पूर्ण गार झाली की सगळं काचेच्या बरणीत भरायचं आणि फ्रीजमध्ये ठेवून द्यायचं. कात्सुओबुशी एका दिवसाने गाळून काढ. कोम्बू आठवडाभर राहू दे. त्याआधी चव घ्यायची नाही. घ्यायचीच असेल तर घे, पण मग रडत इथे येऊ नकोस :)

अनुस्वार

छान धागा. थोडं अवांतर.

'पोन्झू' हा शब्द मूळ जपानी नाहीच. नागासाकीच्या देजिमा बेटावर डच व्यापारी होते, त्यांच्या 'पॉन्स' या पेयाच्या नावावरून हा आंबट रसासाठी जपानीत आला. पुढे 'स' च्या जागी व्हिनेगरचा 'सु' बसला आणि त्याचा झाला 'झू'. आता गंमत बघा. हा पॉन्स म्हणजेच इंग्रजांचा पंच. तो पाच जिनसांचा म्हणून आपल्याकडच्या 'पाच'वरून गेला, असं बरेच कोशकार मानतात. सगळ्यांना ते पटत नाही. मला मात्र पटवून घ्यायला आवडतं.

आणि हे अवांतर कामाचंही आहे. काटेकोरपणे पोन्झू म्हणजे नुसता आंबट रस. सोयावाला तो 'पोन्झू शोयू'. दुकानात 'पोन्झू' लिहिलेल्या काही बाटल्यांत शोयू अजिबात नसतो. मी एकदा तशी आणली आणि टोफूवर ओतून तोंड वाकडं करून बसलो.

वरणभात_तूप

एवढी उस्तवार कशाला? मित्सुकानची 'अजिपोन' १९६४ पासून मिळते, अर्धा जपान तीच वापरतो. बाटली आणा, विषय संपला.

दगडी_खलबत्ता

वरणभात, माझ्याही फ्रीजमध्ये ती आहे, भांडण नाही. पण दारात चौदा युझू आलेले असताना बाटली आणायची म्हणजे घरी हापूसची पेटी असताना डब्यातला आमरस फोडायचा.

हिंग_पूड

शाकाहाराबद्दल मी सांगते, आमच्याकडे गेली चार वर्षं बिनमाशाचाच होतो.

कोम्बू हाच खरा आधार. १९०८ साली इकेदा किकुनाए यांनी कोम्बूच्या पाण्यातूनच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. कात्सुओबुशीत दुसरं एक द्रव्य असतं, ते ग्लुटामेटच्या जोडीला आलं की चव नुसती दुप्पट नाही, कितीतरी पटीने वाढते. शाकाहारात हेच काम सुकी शिताके करते. दोन सुकी मशरूम मोडून बरणीत टाका, तीन दिवसांनी काढा. जास्त ठेवलीत तर सगळ्याला मशरूमचाच वास येतो आणि युझू बिचारा मागे पडतो.

कोम्बूवर पांढरी भुकटी दिसेल. बुरशी समजून धुऊ नका! ती चवीचीच असते. ओल्या फडक्याने नुसती माती पुसायची. आणि बरणीत पाणी किंवा पाण्यात काढलेला दाशी (कोम्बू वगैरेंचा अर्क) घालू नका, पातळ होतो आणि लवकर खराब होतो. पाण्याचा थेंब नसेल तर फ्रीजमध्ये दोन-तीन महिने आमचा मजेत राहतो. आम्हीच राहू देत नाही, ते वेगळं.

गाबीत_खाडीकर

मासा खाणाऱ्यांसाठी. कात्सुओ म्हणजे आपल्या कुप्याच्या गोतातला. उकडून, धुरावर सुकवून लाकडासारखा कडक करतात आणि रंध्यावर किसतात. लक्षद्वीपचं 'मासमीन' त्याचाच चुलतभाऊ, तोही ट्यूनाच, तोही धुरावरचा. गावाकडे कात्सुओबुशी मिळेना तेव्हा मी ते किसून घातलं होतं, चांगलं लागलं.

मात्र त्याआधी सुकट घालून बघितली होती. घालू नका. बायकोने बरणी गच्चीवर नेऊन ठेवली आणि मलाही तिथेच झोप म्हणाली.

कुरडई

पुण्यात युझू कुठून आणू? आम्हा गरिबांसाठी काही?

हिंग_पूड

कुरडई, नुसतं कागदी लिंबू घातलंस तर शेवंतीसारखा आंबट सोया सॉस होईल. दोन भाग लिंबाचा रस, एक भाग संत्र्याचा, आणि संत्र्याची साल वरवर, नुसता केशरी भाग किसून. हा युझू नाही, पण जपानातही सगळे युझूच वापरतात असं कुठाय? तोकुशिमाला सुदाची घालतात, ओइताला काबोसू. ज्याच्या अंगणात जे पिकतं ते. हिवाळ्यात घरी ईडलिंबू आलं तर त्याची साल नक्की वापर.

सोया सॉस मात्र आपल्या चायनीजच्या गाडीवरचा काळा, दाट घेऊ नकोस. त्यात रंग आणि साखर असते. मुरवून केलेला जपानी शोयू आता इथेही मिळतो, महाग वाटला तरी तोच घे. यात लपायला दुसरं काही नसतं.

कुरडई

धन्यवाद! आणि खायचा कशाबरोबर? आमच्याकडे नाबे वगैरे होत नाही.

दगडी_खलबत्ता

त्याचं घर नाबेच, म्हणजे टेबलावर उकळत्या पातेल्यातून भाजी, टोफू, मांस काढायचं आणि पोन्झूत बुडवायचं. कोचीला भाजलेल्या कात्सुओवर ओततात. पण तू वांग्याचे जाड काप तेलात तळ, वर किसलेला मुळा हलका पिळून ठेव आणि त्यावर दोन चमचे पोन्झू. तळलेलं वांगं आणि पोन्झू ही जोडी जपानी घरांत चालतेच, तुला वेगळं काही केल्यासारखं वाटणारसुद्धा नाही.

वरणभात_तूप

कोथिंबीरवडी?

दगडी_खलबत्ता

चालेल. पण मला फोटो पाठवू नका.

शेवंती_वेणी

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी येतेय, कारण रडायचं नव्हतं.

चार युझू आंघोळीला ठेवले, दहा पिळले. सालीची बाजू खाली करून पिळताना मनगटाला सवयच नाही, पहिले दोन सवयीने लिंबासारखेच पिळले. पण फरक दिसला: उलटं पिळल्यावर वाटीतल्या रसावर तेलाचे बारीक गोल तरंगत होते. एकूण १५० मिली निघाला. बिया मूठभर!

आता घोळ. मिरिन उकळली, गार व्हायची वाट बघितली, पण मधेच ऑफिसचा फोन आला आणि घाईत कोमटच ओतली. निम्म्या रसावरच ओतली म्हणून वाचले, लगेच लक्षात आलं. मग दोन बरण्या केल्या, एक 'घाई' आणि एक 'शहाणी'. दोन्हींत कोम्बू आणि शिताके, मासा नाही.

पहिल्याच रात्री 'शहाणी'तला चमचाभर चाखला (खलबत्ता, माफी). दात आंबले. शोयू वेगळा, आंबट वेगळं, एकमेकांशी बोलत नव्हते. आठव्या दिवशी पुन्हा चाखला तर खारटपणाची धार गेलेली, आणि आधी आंबट, मग गोडसर, मग घशात उतरल्यावर युझूचा वास. 'घाई'ही वाईट नाही, पण तो शेवटचा वास तिच्यात नाही. नवऱ्याला न सांगता दोन्ही दिल्या, त्याने बरोबर ओळखली.

एक छोटी बाटली आजींना नेऊन दिली. त्यांनी तिथेच बशीत थेंब घेतला, करंगळीने चाखला, मान हलवली. मग विचारलं, कोम्बूचं काय केलंस? मी म्हटलं, टाकला. आजींनी कपाळाला हात लावला. अगदी आपल्या आजीसारखा.

दगडी_खलबत्ता

टाकलास?! अगं, त्याचं त्सुकुदानी होतं, भाताबरोबर खायचं गोडखारट तोंडीलावणं. 'घाई'तला कोम्बू अजून आत असेल तर काढ, काडेपेटीतल्या काड्यांएवढा चीर. पातेल्यात घालून बुडेल एवढं पाणी, चमचाभर शोयू, दोन चमचे मिरिन, चमचाभर साखर, आणि मंद आचेवर पाणी आटून चकाकी येईपर्यंत. वरून तीळ. गरम भातावर घे.

शेवंती_वेणी

'घाई'तला आहे! आत्ताच काढते.