मदत हवी आहे: मामाच्या बोटीसाठी सॅटेलाईट फोन

मंडळी, मी राहतो कोथरूडला पण मामाची मच्छीमार बोट आहे रत्नागिरीला, मिरकरवाड्यात. आठ-आठ दिवस बाहेर असतात, मोबाईलची रेंज थोडं आत गेलं की संपते आणि व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) पण वीस-पंचवीस सागरी मैलांपुढे काही कामाचा नाही. मागच्या खेपेला इंजिन बंद पडलं, दोन दिवस पत्ता नाही, मामी नुसती देवापुढे बसून. आता भाचा पुण्यात कॉम्प्युटरमधे आहे म्हणजे त्याला सगळं कळतं असं धरून माझ्यावर सोपवलंय!

एक ओळखीचे दुबईहून थुराया कंपनीचा सॅटेलाईट फोन आणून देतो म्हणतायत, स्वस्तात. मी सरळ नाही म्हटलं, आपल्याकडे थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाईट फोन परवानगीशिवाय जवळ ठेवणंच गुन्हा आहे, विमानतळावर लोकं अटक झालीयेत. माझ्या माहितीत इनमारसॅटचा सॅटेलाईट फोन बीएसएनएलकडून मिळतो. तर कोणी बोटीसाठी घेतलाय का, कागदपत्रं काय लागली आणि महिन्याला खर्च किती येतो?

अजून एक, इनमारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर जवळपास ३६,००० किमीवर एकाच जागी, म्हणजे अँटेनासमोर आकाश मोकळं पाहिजे. केबिनच्या टपावर बाहेरची अँटेना बसवली तर हेलकाव्यात कॉल टिकतो का? केबिनमधे हँडसेट धरून उपयोग नाही एवढं मला कळलंय. खाऱ्या हवेत कनेक्टर किती टिकतात तेही सांगा, मामाच्या जीपीएसची पिन सहा महिन्यात हिरवी पडली होती.