'फ्रातेर्निता'ला काय म्हणाल: बंधुत्व, भगिनीभाव की भावंडपण?

अनुजा
सिस्टरांच्या एका धर्मसंघाची नियमावली इटालियनवरून मराठीत आणतेय. तीन शब्द सतत जोडीने येतात: फेदे, फ्रातेर्निता, मिस्सिओने. पहिल्या मसुद्यात मी 'श्रद्धा, बंधुत्व, प्रेषितकार्य' असं केलं होतं. वाचून दाखवलं तेव्हा एक वयस्कर सिस्टर म्हणाल्या, "आम्ही सगळ्या बाया. आमच्या घरात बंधू कुठून आणलास?" 'भगिनीभाव' केलं, तर दुसऱ्यांना ते महिला मंडळाच्या अहवालासारखं वाटलं. त्यातून खरी पंचाईत पुढेच आहे. एक कलम असं: 'प्रत्येक फ्रातेर्नितामध्ये प्रार्थनागृह असावे.' बंधुत्वामध्ये प्रार्थनागृह कसं असेल? काय करावं?

शब्दवेडा
'बंधुता' घ्या. संविधानाच्या उद्देशिकेत तोच शब्द आहे आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाला तो पाठ आहे. रुळलेला शब्द हाताशी असताना नवा पाडायचा कशाला?

रोहिणी
उद्देशिकेतली बंधुता हे एक मूल्य आहे. अनुजाच्या कलमातली फ्रातेर्निता म्हणजे चार भिंतींचं घर आणि त्यात राहणारी माणसं. संत फ्रान्सिसच्या अनुयायांच्या, म्हणजे फ्रान्सिस्कन परंपरेत हा शब्द मुळापासून असाच वापरतात. त्यांच्यातल्याच एका शाखेचे, कापुचिन लोक 'आमची फ्रातेर्निता' म्हणतात तेव्हा अमुक गावातलं घर आणि त्यातले पाचसहा भाऊ त्यांच्या डोळ्यांसमोर असतात. असिसीकर फ्रान्सिसने १२२६ मध्ये, मरणापूर्वी सांगितलेल्या मृत्युपत्रातही 'प्रभूने मला भाऊ दिले' अशा अर्थाचं वाक्य आहे. त्याला आधी कल्पना सुचली आणि मग माणसं गोळा झाली, असं घडलेलं नाही. माणसं दारात येऊन उभी राहिली आणि त्यांच्यासोबत जगायचं कसं, हा प्रश्न पडला. मराठीतल्या '-त्व', '-ता' या प्रत्ययांनी माणसं निघून जातात आणि गुण तेवढा उरतो. अनुजाची अडचण मला तिथे दिसते.

नंदाखालकर
आमच्या वसईत हा प्रश्न कुणाला पडत नाही. कॉन्व्हेंटातल्या बायका 'आमची कम्युनिटी' म्हणतात. "आज कम्युनिटीची मिटिंग आहे, संध्याकाळी या," असं सांगतात. मराठी बोलणाऱ्या सिस्टरांच्या तोंडचा शब्द हाच असेल, तर तो मराठी का नाही?

शब्दवेडा
बोलण्यात चालतो म्हणून नियमावलीत चालेल असं नाही. ते पुस्तक पन्नास वर्षं वापरलं जाणार. मराठीत शब्द नसता तर गोष्ट वेगळी. संघ आहे, मंडळ आहे, मठ आहे.

नंदाखालकर
मठ नको. मठ म्हटलं की बंद दार आणि जाळीमागच्या कार्मेल भगिनी आठवतात. अनुजाच्या सिस्टर शाळेत शिकवत असतील, दवाखान्यात असतील, पाड्यांवर जात असतील. आणि 'कॉन्व्हेंट'ची गत बघा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एकत्र येणं. महाराष्ट्रात त्याचा अर्थ इंग्रजी शाळा झाला. लग्नाच्या जाहिरातीत 'कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली' लिहितात, त्यात एकत्र जगणाऱ्या बायकांचा मागमूस नाही.

म्हापसेकर
गोव्यातून लिहितो. कोकणीत भाऊ म्हणजे 'भाव' आणि बंधुत्व म्हणजे 'भावपण'. ख्रिस्ती कोकणीत श्रद्धेला 'भावार्थ' म्हणतात. म्हणजे अनुजाच्या तीन शब्दांतले दोन एकाच 'भाव'मधून उगवतात! मराठीतही 'भाव तेथे देव' आहेच. माझी ठाम समजूत आहे की दोन्ही भाव मुळात एकच असणार. ज्याच्यावर भाव, तो भाव.

पुणेकर मास्तर
नाही हो. भाऊ आला 'भ्रातृ'वरून, प्राकृतात तो 'भाउ' झाला. श्रद्धेचा भाव 'भू' धातूचा. ध्वनी जुळले म्हणून मूळ एक होत नाही.

म्हापसेकर
मूळ वेगळं असेल, पण बोलणाऱ्याच्या कानात ते एकत्र वाजतं. तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला जमलेल्या माणसांना धातुपाठ ठाऊक नसतो.

पुणेकर मास्तर
कानाला मान आहे, पण व्युत्पत्ती म्हणून ते सांगू नका. आणि 'भाऊ'पासून शब्द करायचाच असेल तर जरा जपून. मराठीत त्याच मुळावर 'भाऊबंदकी' उभी आहे. बांधावरून कोर्टात गेलेल्या चुलत्यांना आपण तो शब्द देऊन बसलोय.

म्हापसेकर
त्यावर आमच्याकडचाही दाखला देतो. गोव्याच्या चर्चमध्ये 'कोंफ्रारिया' असते, म्हणजे सहबंधूंचा संघ. सणाला खांद्यावर रंगीत आवरण घेऊन मिरवणुकीत चालतात. किती तरी गावांत त्यात जागा फक्त गावकरांना, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांना असायची, आणि जातीवरून वर्षानुवर्षं भांडणं चालली. बंधू शब्दावर उभ्या असलेल्या संघाने शेजाऱ्याला बाहेर ठेवलं. म्हणून मला भगिनी की बंधू यापेक्षा मोठा प्रश्न वाटतो तो हा, की या शब्दात बाहेरच्याला दार आहे का?

रोहिणी
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. फ्रान्सिसने आपल्या माणसांना 'फ्रात्रेस मिनोरेस' म्हटलं. असिसीत तेव्हा 'मायोरेस' आणि 'मिनोरेस' ही वरच्या आणि खालच्या थरांची नावं होती, आणि त्याने खालचं उचललं. मराठीत मी ते सरळ 'धाकटे भाऊ' करीन. आपल्या घरात थोरला आणि धाकटा यांत केवढं अंतर असतं! चावी थोरल्याकडे, पंगतीत आधी पान थोरल्याचं, निरोप घेऊन पळायचं धाकट्याने. ज्या घरात सगळेच धाकटे, तिथे हुकूम कुणी करायचा? १२२१ च्या नियमात लिहिलंय की कुणालाही 'प्रायर', म्हणजे मठप्रमुख, म्हणू नये आणि एकमेकांचे पाय धुवावेत. प्रमुखाला 'मिनिस्टर' म्हणायचं, म्हणजे सेवक.

शब्दवेडा
आणि मराठीत मिनिस्टर म्हणजे मंत्री. तिथे काय कराल?

रोहिणी
'सेविका'. अनुजाच्या सिस्टर प्रमुखांना 'मदर' किंवा 'सुपिरियर' म्हणत असतील, पण नियमावलीत 'सेविका' यावं असं मला मनापासून वाटतं.

कावेरी
मूळ प्रश्नावर येते. मराठीत 'भावंड' हा नपुंसकलिंगी शब्द आहे. भाऊही भावंड, बहीणही भावंड. 'भावंडपण' का नको? २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या परिपत्राचं 'फ्रातेल्ली तुत्ती' हे नाव जाहीर झालं, तेव्हा 'सगळे भाऊ, मग बहिणी कुठे?' म्हणून बराच वाद झाला. मराठीला तो वाद करायची गरज नव्हती. 'आपण सारी भावंडं' म्हटलं की झालं.

पुणेकर मास्तर
भावंडं एका आईबापाची. या सिस्टर वेगवेगळ्या घरांतून आलेल्या. वारकऱ्यांत 'गुरुबंधू', 'गुरुभगिनी' आहेत. नातं गुरूमुळे जोडलं जातं, हे त्यात स्पष्ट आहे.

कावेरी
पण ख्रिस्ती माणूस 'आमच्या बापा' म्हणूनच प्रार्थनेला सुरुवात करतो. बाप एक म्हटल्यावर भावंडं होणारच. गुरुभगिनी एका छपराखाली राहतील असं नाही. भावंडं एका ताटात जेवतात, एकमेकांची पांघरुणं ओढतात, नावडती असली तरी राहतात. अशा घरात माझी मावशी आयुष्यभर राहिली. भांडी घासायच्या पाळ्यांचा कागद स्वयंपाकघराच्या दाराला डकवलेला असायचा, त्यावर प्रमुखांचंही नाव असायचं. पाळी चुकली की कुरबुर व्हायची आणि रात्रीच्या प्रार्थनेआधी मिटवावी लागायची. या जगण्याला 'बंधुत्व' फार इस्त्रीचं वाटतं.

शब्दवेडा
भावना पोचली. पण 'प्रत्येक भावंडपणामध्ये प्रार्थनागृह असावे' हे वाक्य तरी चालतंय का?

अनुजा
नाही चालत. मूल्याला एक आणि घराला एक असे दोन शब्द करावे लागतील, असं दिसतंय. घराला 'संघगृह' सुचतंय, मन मात्र घेत नाही. 'प्रेषितकार्य' ठीक आहे ना? त्यावर कुणीच बोललं नाही.

नंदाखालकर
प्रेषित म्हटलं की महाराष्ट्रात बहुतेकांना आधी प्रेषित मुहंमद आठवतात. 'मिशन' ठेवा. मिशन हॉस्पिटल, मिशन कंपाउंड, लोकांना माहीत आहे.

पुणेकर मास्तर
माहीत आहे म्हणूनच नको. 'मिशन' इमारतीत अडकलं आणि 'मिशनरी' संशयात. प्रेषित म्हणजे पाठवलेला, आणि लॅटिन 'मिस्सिओ' म्हणजे पाठवणं. धर्मशास्त्रात तो शब्द आधी पित्याने पुत्राला पाठवलं या अर्थी होता. दूरदेशी धर्मकार्याला जाणं हा अर्थ सोळाव्या शतकात मुख्यतः जेझुइट या धर्मसंघामुळे रुळला. पोप पाठवतील तिथे जायचं, हे त्यांचं चौथं व्रत. तुमची 'मिस्सा', म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, हीही त्याच कुळातली, शेवटच्या निरोपाच्या लॅटिन वाक्यावरून आलेली. वेदीपाशी जमलेल्यांना तिथूनच पाठवलं जातं.

नंदाखालकर
मिस्सेचं माहीत नव्हतं, आवडलं. तरी आमचं एक उदाहरण घ्या. संत गोन्सालो गार्सिया वसईचे, फ्रान्सिस्कन. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यांतले एक. १८६२ मध्ये संतपद मिळालं. ते पुरोहित नव्हते, ब्रदर होते. मात्र कार्यक्रमात सूत्रसंचालक हटकून 'फादर गोन्सालो' म्हणतो, कारण आपल्याकडे ब्रदर म्हणजे अजून फादर न झालेला, सेमिनरीतला मुलगा. जन्मभर भाऊच राहायचं हे स्वतःच एक पाचारण आहे, हे आपल्या कुठल्याच शब्दात उतरत नाही.

कावेरी
'धर्मबंधू' म्हणा ना.

नंदाखालकर
राखी बांधून मानलेल्या भावालाही काही लोक धर्मबंधू म्हणतात. तो नको.

शब्दवेडा
मग 'व्रतस्थ बंधू'. त्यात शंका राहत नाही.

नंदाखालकर
वेदीवरून ते वाचून दाखवा आणि मागच्या बाकावरच्या म्हातारीला विचारा कोण ते. ती म्हणेल, "ब्रदर म्हणायचंय का?"